उत्तर क्रमांक चौदा

मिस्टर ऑल्ड्रॉइड यांचं पत्र निळ्या शाईतलं,
कागदावर आधी पेन्सिलीनं रेघा आखून घेतलेल्या.
"अकरा जानेवारी. संध्याकाळी सहा ते सात.
माझ्या परसात पान हललं नाही.
दोरीवरचा टॉवेल गोठून पुठ्ठ्यासारखा उभा.
तरी चहाची किटली तीन मिनिटांत उकळली.
तुमच्या बिलावर छापलंय, शंभर टक्के नवीकरणीय.
सूर्य तर चारलाच गेला होता.
राहिला वारा.
तेव्हा कृपया कळवावे,
कुठला?"

खाली सही, आणि सहीखाली,
पुरावा जोडावा तसं :
बॉयलर फिटर, फेरीब्रिज, तेवीस वर्षं.

अशा पत्रांना आमच्याकडे उत्तर तयार असतं.
उत्तर क्रमांक चौदा.
'आपण वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे
आम्ही तितकीच हरित वीज प्रमाणित करून घेतो.'
'प्रमाणित' हा शब्द ओल्या साबणासारखा,
पकडायला जावं तर निसटतो.

मी हलच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर.
खिडकीतून गोदी दिसते, गोदीवर आडवी ठेवलेली
पवनचक्क्यांची पाती, समुद्रात जायच्या रांगेत,
इतकी पांढरी की त्यांच्यादेखत
वाकडं बोलवत नाही.

पण ऑल्ड्रॉइड, खरं सांगू का,
तारेत सोवळं पाळता येत नाही.
गॅसची, अणूची, वाऱ्याची,
अमेरिकेतून जहाजानं आणून जाळलेल्या लाकडाची,
सगळ्या विजा एकाच पंगतीला.
आणि तुमची किटली काही राजहंस नव्हे,
तेवढं दूध वेचून प्यायला.

आम्ही विकत घेतो तो कागद.
ऑक्टोबरातल्या एका वादळी रात्री
कुणाच्या तरी टेकडीवर चक्की फिरली,
तिचं पुण्य लिहिलेला कागद.
वीज त्यांनी विकली दुसऱ्याला,
पुण्य आम्हाला. स्वस्त पडलं.
वर्षाअखेर वही जुळते,
इकडे खर्च, तिकडे जमा,
शेवटी शून्य, शून्याखाली दोन रेघा.
शंभर टक्के. शंभर नंबरी नव्हे, टक्के.
वहीत खोटं काहीच नाही.
खोटं असतं तर सोपं होतं.

ऑक्टोबरचा वारा लोणच्यासारखा
बरणीत भरून ठेवता येत नाही,
एवढंच वहीला माहीत नाही.

त्या संध्याकाळी मीही भात लावला होता.
उगाच फोनवर बघितलं : वारा चार टक्के,
गॅस साठाच्या वर.
माझ्याही बिलावर तेच हिरवं पान आहे,
कर्मचारी म्हणून सवलतीत.

शेवटी मी फोनच केला. नियमात बसत नाही ते.
आवाज खरखरीत, पण घाई नसलेला.
"मला धूर परत नकोय, पोरी.
टॉवर पाडले तेव्हा मी पुलावर उभा होतो.
शेजारचा एकजण रडला, मी नाही रडलो.
माझ्या भावाच्या छातीचा एक्स-रे पाहिलाय मी.
लागू देत समुद्रात हव्या तितक्या चक्क्या.
पण आम्ही बॉयलरचा दाब दर तासाला लिहायचो.
दर तासाला.
वर्षाची सरासरी लिहीत बसलो असतो
तर एकही जण घरी आला नसता."

मी ते लिहून घेतलं,
हाताशी दुसरा कागद नव्हता म्हणून
उत्तर क्रमांक चौदाच्या पाठीवर.
कुणाकडे पाठवायचं, ते कळेना.
वरच्या मजल्यावर पाठवलं तर
ते उत्तर क्रमांक पंधरा तयार करतील.

"तिकडे आहे का वारा आत्ता?" त्यांनी विचारलं.
आमच्या खिडक्या उघडत नाहीत.
गोदीवर एक सीगल पंख न हलवता
एकाच जागी थांबला होता, हवेत,
आणि मागे मागे सरकत होता.
"आहे," मी म्हणाले. "बराच आहे."
"मग किटली ठेवतो," ते म्हणाले,
आणि फोन ठेवला.